नोंद आणि सुनावणी : भूसुधारणा, प्रादेशिक नेतृत्व आणि मराठी-कन्नड कथनरूपे

१

बेंगळूर शहराच्या पश्चिम भागातील राजाजीनगर ही वसाहत १९४० च्या दशकाच्या अखेरीस औद्योगिक उपनगर म्हणून आकारास आली आणि तिला चक्रवर्ती राजगोपालाचारी यांचे नाव मिळाले. नामकरणाची ही घटना वरकरणी साधी आहे. राजाजींचे शिक्षण बेंगळूरच्या सेंट्रल कॉलेजात झाले होते. स्वतंत्र भारताचे ते पहिले भारतीय गव्हर्नर जनरल होते. परंतु ग्रामीण भारतातील जमिनीच्या प्रश्नाशी या नावाचा जो संबंध पुढे आला, तो साधा नाही. मद्रासचे मुख्यमंत्री असताना राजाजींच्या सरकारने १९५२ साली तंजावरमधील कुळांना व शेतावरील सालदारांना संरक्षण देणारा वटहुकूम काढला. त्याच राजाजींनी, काँग्रेसच्या जानेवारी १९५९ मधील नागपूर अधिवेशनाने जमीनधारणेवर कमाल मर्यादा आणि संयुक्त सहकारी शेती यांचा पुरस्कार करणारा ठराव केल्यानंतर, त्याच वर्षी स्वतंत्र पक्षाची स्थापना करून या धोरणास देशव्यापी विरोध उभा केला. कुळाला संरक्षण देणारा आणि राज्यसंस्थेच्या जमीनविषयक हस्तक्षेपाला नाकारणारा असा एकच नेता या नावात सामावलेला आहे.

राजाजीनगरातून जाणाऱ्या एका प्रमुख रस्त्याला कन्नड चित्रपटनट डॉ. राजकुमार यांचे नाव आहे. १९७२ सालच्या ‘बंगारद मनुष्य’ या त्यांच्या चित्रपटाने शहरातून खेड्याकडे येऊन ओसाड जमीन फुलवणाऱ्या नायकाची प्रतिमा कन्नड लोकमानसात रुजवली. वसाहतीलगतच्या केतमारनहळ्ळी, सानेगुरुवनहळ्ळी यांसारख्या नावांतील ‘हळ्ळी’ हा शब्द खेड्याचा वाचक आहे. शहराने जी गावे पोटात घेतली त्यांची एवढीच खूण उरली आहे. आणि शेजारच्या श्रीरामपुर या कष्टकरी वस्तीत दलित कवी सिद्धलिंगय्या यांचे बालपण व तारुण्य गेले. ज्यांच्या वाट्याला खेड्यात जमीन आली नाही, त्यांचे ते शहरातील ठिकाण होय.

नेत्याचे नाव, नायकाची प्रतिमा, गिळलेल्या गावाची खूण आणि भूमिहीनाचे आत्मकथन हे चार घटक एका उपनगराच्या परिसरात एकत्र आढळतात. जमिनीच्या पुनर्वाटपाचा इतिहास साहित्यात कोणत्या रूपाने शिल्लक राहतो, नेत्याच्या व्यक्तिरेखेतून तो कसा व्यक्त होतो किंवा कसा झाकला जातो, हा प्रश्न त्यामुळे येथे उपस्थित होतो. प्रस्तुत निबंधात त्याचा विचार मराठी आणि कन्नड या दोन शेजारी साहित्यांच्या तुलनेतून करावयाचा आहे. स्वातंत्र्योत्तर काळात या दोन्ही प्रदेशांत प्रादेशिक नेतृत्वाने भूसुधारणेचे कायदे केले आणि राबवले. दोन्हीकडे राजकीय नेता हा कादंबरीचा विषय झाला. तरीही नेता आणि जमीन यांची सांगड दोन्ही साहित्यांत सारखी पडलेली नाही. हा भेद केवळ लेखकांच्या प्रतिभेचा किंवा वाङ्मयीन परंपरांचा नसून, जमिनीचे हस्तांतर ज्या संस्थात्मक रीतीने घडून आले त्या रीतीशी तो निगडित आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

मराठी प्रदेशातील कूळकायद्याचा इतिहास सुपरिचित आहे. त्याचे कथनाच्या दृष्टीने केलेले वाचन मात्र विरळ आहे. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ साली, बाळासाहेब खेर मुख्यमंत्री व मोरारजी देसाई महसूलमंत्री असताना, संमत झाला. १९५६ च्या दुरुस्तीने त्यात निर्णायक बदल केला आणि १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरवण्यात आला. या तारखेला, काही अपवाद वगळता, जमीन कसणारे कूळ त्या जमिनीचे मालक झाले असे कायद्याने मानले. त्या दिवशी द्विभाषिक मुंबई राज्याचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण होते. हा कायदा जुन्या मुंबई इलाख्यातील जिल्ह्यांपुरता होता. मराठवाड्यात हैदराबाद राज्याचा १९५० चा आणि विदर्भात १९५८ चा स्वतंत्र कायदा लागू होता.

येथे मालकी बदलते ती मूलतः तारखेने. जमिनीची किंमत ठरवण्यासाठी कलम ३२ग खाली चौकशी होत असे आणि तीत कुळाला हजर राहून खरेदीची तयारी सांगावी लागे, हे खरे. परंतु ही चौकशी महसुली कामकाजाचाच भाग होती. तिचा शेवट फेरफारात आणि सातबाऱ्याच्या उताऱ्यात होई. ‘कसेल त्याची जमीन’ ही घोषणा सार्वजनिक होती. तिची सिद्धी तलाठ्याच्या दप्तरात झाली.

या दप्तराच्या मर्यादाही लवकर उघड झाल्या. वि. म. दांडेकर आणि गो. ज. खुदानपूर यांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या वतीने केलेल्या आणि १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीने १९४८ च्या कायद्याच्या अंमलबजावणीतील विसंगती दाखवून दिली. कुळांनी ‘स्वेच्छेने’ जमिनी सोडल्याच्या नोंदी मोठ्या प्रमाणात होत्या आणि या स्वेच्छेमागील वास्तव शंकास्पद होते. ज्याचे नाव नोंदीत नाही तो कायद्यापुढे कूळच नव्हता. नोंद हे भूसुधारणेचे साधन होते आणि तिचे अदृश्य टोकही तेच होते.

कर्नाटकातील प्रक्रिया वेगळ्या रीतीने घडली. तेथील भूसुधारणा अधिनियम १९६१ चा असला, तरी त्याला धार आली ती देवराज अरसु मुख्यमंत्री झाल्यानंतर. १९७२ साली सत्तेवर आलेल्या अरसुंनी जी दुरुस्ती घडवून आणली ती १ मार्च १९७४ पासून अमलात आली. तिने कुळांकडील जमिनी शासनाकडे निहित केल्या आणि कुळांचे दावे ऐकण्यासाठी तालुकावार भू-न्यायमंडळे नेमली. या मंडळांवर महसूल अधिकाऱ्याबरोबर शासनाने नेमलेले अशासकीय सदस्य असत आणि त्यांत अनुसूचित जाती-जमातींच्या प्रतिनिधित्वाची तरतूद होती. मूळ तरतुदीत वकिलांना मंडळापुढे उभे राहण्यास मनाई होती. कुळाने ‘नमुना ७’ भरून अर्ज करावयाचा, मंडळापुढे स्वतः बोलावयाचे, शेजाऱ्यांनी साक्ष द्यावयाची, अशी ही रीत होती. आठ लाखांहून अधिक अर्ज या मंडळांपुढे आले. ‘उळुववने होलदोडेय’ म्हणजे ‘नांगरणारा तोच शेताचा धनी’ ही घोषणा मराठीतील घोषणेची जवळची भावंड आहे. परंतु तिच्या सिद्धीचे स्थळ दप्तर नसून सुनावणी हे होते.

हा भेद निरपवाद नाही. कर्नाटकातील मंडळांवर पक्षीय नेमणुका झाल्या, निर्णयांना उच्च न्यायालयात आव्हाने दिली गेली, लाभ किनारपट्टी व मलनाड भागांत अधिक आणि अन्यत्र कमी पोहोचला. तरीही कथनाच्या दृष्टीने दोन रीतींतील अंतर महत्त्वाचे आहे. सुनावणीत दावेदार, प्रतिवादी, साक्षीदार आणि श्रोते असतात. ती मुळातच नाट्यात्म असते. नोंदीत एक नाव जाते आणि दुसरे येते. तिचा काळ क्षणाचा आणि तिचा आवाज कागदाचा असतो.

नेत्यांच्या सामाजिक स्थानातही असाच भेद आढळतो. अरसु हे संख्येने अल्प असलेल्या समाजातून आले होते. लिंगायत आणि वक्कलिग या भूधारक व प्रभावी समाजांच्या आधारावाचून सत्ता टिकवावयाची तर मागास जाती, अल्पसंख्य आणि भूमिहीन यांची आघाडी बांधणे त्यांना अपरिहार्य होते. भूसुधारणा ही त्या आघाडीची आर्थिक बाजू होती, तर हावनूर आयोगाचा १९७५ चा अहवाल ही तिची दुसरी बाजू होती. पश्चिम महाराष्ट्रात मात्र कूळकायद्याने जमीन मिळालेला मराठा-कुणबी शेतकरी आणि पुढे सहकारी संस्था, जिल्हा परिषद व विधिमंडळ व्यापणारा नेतृत्ववर्ग हे एकाच सामाजिक प्रवाहातील होते. म्हैसूर परिसरातील क्षेत्राभ्यासावरून एम. एन. श्रीनिवास यांनी मांडलेली ‘प्रभुजाती’ ही संकल्पना कर्नाटकात ज्या वर्गाविरुद्ध अरसुंना उभे करते, महाराष्ट्रात त्याच स्वरूपाच्या वर्गातून नेता घडवते.

३

कन्नड साहित्यात जमीन आणि नेता यांची गाठ कायद्याच्या आधी, एका सत्याग्रहात पडली. शिमोगा जिल्ह्याच्या सागर तालुक्यातील कागोडु येथे १९५१ साली दीवर समाजाच्या कुळांनी जमीनदारांविरुद्ध सत्याग्रह केला. वादाच्या मुळाशी खंडाचे धान्य मोजण्याचे ‘कोळग’ हे माप होते: जमीनदार जे माप वापरत ते प्रमाण मापाहून मोठे होते. एच. गणपतियप्पा यांनी कुळांना संघटित केले होते. समाजवादी पक्षाचे तरुण नेते शांतवेरी गोपाल गौड यांनी लढ्याला राजकीय रूप दिले. राममनोहर लोहिया त्या वर्षीच्या जूनमध्ये तेथे आले आणि त्यांना अटक झाली. १९५२ च्या निवडणुकीत गोपाल गौड विधानसभेवर निवडून आले. ९ जून १९७२ रोजी, अरसुंच्या राजवटीच्या अगदी आरंभी, त्यांचे निधन झाले. ज्या मागणीसाठी ते लढले ती कायद्याच्या रूपाने आली तेव्हा ते हयात नव्हते.

यू. आर. अनंतमूर्ती यांची ‘अवस्थे’ (१९७८) ही कादंबरी या नेत्याच्या जीवनाशी नाते सांगते. तिचा नायक कृष्णप्पा गौड पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला आहे. गुराखी मुलापासून शेतकऱ्यांच्या पुढाऱ्यापर्यंतचा त्याचा प्रवास स्मृतीतून उलगडत जातो; वर्तमानात मात्र सत्तेच्या वाटाघाटी त्याच्या खाटेपर्यंत येऊन पोहोचल्या आहेत आणि मुख्यमंत्रिपदाची शक्यता त्याच्यापुढे उभी आहे. अण्णाजी या भूमिगत क्रांतिकारकाची आठवण, गौरी देशपांडे या स्त्रीविषयीचे अपुरे राहिलेले प्रेम, भोवती जमलेली हितसंबंधी माणसे, आणीबाणीच्या काळाचे सावट या साऱ्यांतून कादंबरी एकच प्रश्न विचारते: ज्या हातांनी लढा उभारला त्या हातांनी सत्ता स्वीकारली तर लढ्याचे काय होते?

कथनरूपाच्या दृष्टीने या कादंबरीची रचना सुनावणीसारखी आहे. आजारी नायक एकाच वेळी आरोपी, साक्षीदार आणि न्यायाधीश आहे. त्याच्यापुढे व्यक्ती येतात, दावे मांडतात, जुन्या कृत्यांचे हिशेब मागतात. कन्नडमधील टीकेने ‘अवस्थे’चा विचार बहुधा नीतिमत्ता आणि राजकारण यांच्या द्वंद्वाच्या अंगाने केला आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु हे नैतिक द्वंद्व अधांतरी नाही. जमिनीच्या मागणीतून जन्मलेल्या नेतृत्वाला त्या मागणीपुढे उभे करून जाब विचारणे, हे त्याचे नेमके स्वरूप आहे. पुढाऱ्याची कसोटी येथे त्याने किती सत्ता मिळवली ही नसून, ज्या कुळांमुळे तो पुढारी झाला त्यांच्याशी त्याचे नाते काय उरले ही आहे.

येथे एक आक्षेप संभवतो. ‘अवस्थे’त भू-न्यायमंडळांचे चित्रण हा विषय नाही, तिच्या मागे १९५१ चा लढा आहे, १९७४ चा कायदा नव्हे. मग कायद्याच्या रूपाने कादंबरीचे रूप घडवले असे कसे म्हणता येईल? आक्षेप रास्त आहे, आणि म्हणून येथे कार्यकारणाचा दावा केलेला नाही. कागोडुच्या लढ्याने कुळाला सर्वांसमक्ष बोलण्याचा अधिकार मिळवून दिला. त्या अधिकाराला एकीकडे कायद्याने न्यायमंडळाचे रूप दिले, तर दुसरीकडे कादंबरीने आत्मपरीक्षणाचे. दोहोंचा उगम सामायिक आहे. साहित्य हे कायद्याचे प्रतिबिंब नसून, दोन्ही एकाच सार्वजनिक उच्चाराची भिन्न फळे आहेत.

‘बंगारद मनुष्य’ या चित्रपटाचा उल्लेख या ठिकाणी आवश्यक ठरतो. टी. के. रामराव यांच्या कादंबरीवरून सिद्धलिंगय्या या दिग्दर्शकाने केलेला हा चित्रपट बेंगळूरमध्ये वर्षाहून अधिक काळ चालला. (हे दिग्दर्शक आणि कवी सिद्धलिंगय्या या भिन्न व्यक्ती होत.) चित्रपट आला त्याच वर्षी अरसु मुख्यमंत्री झाले. परंतु चित्रपटातील जमिनीचा प्रश्न मालकीचा नाही, मशागतीचा आहे. नायक राजीव कष्टाने आणि त्यागाने माळ फुलवतो, कुटुंबाला उभे करतो आणि शेवटी घर सोडून निघून जातो. कुळाला येथे दावा करावा लागत नाही, कारण दाता समोर उभा आहे. एकाच प्रदेशात, एकाच दशकात, ‘अवस्थे’मधील जाब देणारा नेता आणि या चित्रपटातील देऊन निघून जाणारा नायक या दोन प्रतिमा शेजारी शेजारी वावरल्या. लोकप्रिय कल्पनेने दुसरीला अधिक जवळ केले. कन्नड साहित्याचे एकसंध, लढाऊ चित्र रंगवण्याचा मोह येथे टाळावयास हवा.

४

मराठीत याच काळात राजकीय कादंबरी बहरली. अरुण साधू यांची ‘सिंहासन’ (१९७७) आणि तिच्या आधीची ‘मुंबई दिनांक’ या कादंबऱ्यांनी महाराष्ट्राच्या सत्ताकारणाला प्रथमच विस्तृत कथनाचे रूप दिले; जब्बार पटेल यांचा १९७९ चा ‘सिंहासन’ हा चित्रपट त्यांवर आधारित होता. मुख्यमंत्री जीवाजीराव, अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे, पत्रकार दिगू टिपणीस ही पात्रे मराठी वाचकाच्या राजकीय समजुतीचा भाग झाली. कादंबरी मुंबईत घडते. ग्रामीण महाराष्ट्र तीत उपस्थित आहे, पण मुख्यत्वे आमदारांच्या गटांच्या आणि निष्ठांच्या हिशेबातून. ज्या जमिनीने या आमदारांना आमदार केले ती जमीन कथनाच्या चौकटीबाहेर राहते.

याला साधूंची उणीव मानणे चुकीचे होईल. उलट, कादंबरीने आपल्या वास्तवाचा नेमका वेध घेतला आहे, असेच म्हणावे लागते. १९७० च्या दशकापर्यंत पश्चिम महाराष्ट्रात जमिनीचा प्रश्न सत्ताकारणापुरता ‘सुटलेला’ होता. कुळाचा मालक झाला होता, मालकाचा सहकारी साखर कारखान्याचा सभासद आणि सभासदांतून संचालक झाला होता. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरानगर येथे उभा राहिलेला सहकारी कारखाना हा ग्रामीण विकासाचा आदर्श ठरला होता. महाराष्ट्र शेतजमीन (जमीन धारणेची कमाल मर्यादा) अधिनियम १९६१ साली, यशवंतराव मुख्यमंत्री व वसंतराव नाईक महसूलमंत्री असताना, झाला. त्याचा लक्षणीय आघात खासगी साखर कारखान्यांच्या विस्तीर्ण शेतांवर झाला. त्या जमिनी पुढे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या शेती महामंडळाकडे गेल्या. सहकारी कारखान्याची शेते मात्र सभासदांच्या स्वतंत्र खात्यांवर विखुरलेली असल्याने तसा प्रश्नच तेथे आला नाही. १९६२ पासून जिल्हा परिषदांनी या नेतृत्वाला प्रशासकीय पाया दिला. जमीन अशा रीतीने खुर्चीत विरघळली होती. खुर्चीचे चित्रण करणाऱ्या कादंबरीत ती वेगळी दिसली नाही, यात नवल नाही.

याहून बोलके मौन आत्मचरित्रात आढळते. यशवंतराव चव्हाण यांनी आपले आत्मकथन तीन खंडांत योजले होते: कृष्णाकाठ, सागरतळ आणि यमुनाकाठ. पैकी ‘कृष्णाकाठ’ हा पहिला खंड १९८४ साली प्रसिद्ध झाला. देवराष्ट्रे आणि कराड, शिक्षण, चळवळ, तुरुंगवास यांतून तो १९४६ पर्यंत येतो आणि लेखक मुंबईकडे निघतो तेथे थांबतो. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात यशवंतरावांचे निधन झाल्याने पुढील खंड लिहिले गेले नाहीत. १९५७ चा कृषक दिन, १९६१ चा कमाल मर्यादेचा कायदा, सहकाराचा विस्तार हे सारे त्या न लिहिलेल्या ‘सागरतळा’त आहे. मराठीतील सर्वांत समर्थ राजकीय आत्मकथनात गरिबीचे, आईचे, नदीचे आणि तुरुंगाचे वर्णन आहे. जमिनीचे हस्तांतर त्याच्या कालमर्यादेपलीकडे राहिले. मृत्यू हा योगायोग होय. परंतु तो खंड नाही ही उणीव मराठी वाचकाला फारशी जाणवलीही नाही, याचा विचार टीकेने करावयास हवा.

मराठी टीकेने या मौनाला आपल्या वर्गीकरणाने हातभार लावला. आनंद यादव यांच्या विवेचनाने ग्रामीण साहित्याला जे अधिष्ठान मिळवून दिले आणि भालचंद्र नेमाडे यांच्या देशीवादाने मातीशी असलेल्या नात्याला जे मूल्य दिले, त्यांचे महत्त्व वादातीत आहे. तथापि, ‘ग्रामीण कादंबरी’ आणि ‘राजकीय कादंबरी’ असे दोन कप्पे पडले आणि जमीन पहिल्यात, नेता दुसऱ्यात गेला. पहिल्या कप्प्यात पाऊस, दुष्काळ, भाऊबंदकी आणि कर्ज. दुसऱ्यात मंत्रालय, पत्रकार आणि गटबाजी. ‘अवस्थे’ मराठीत लिहिली गेली असती तर ती कोणत्या कप्प्यात ठेवावी असा पेच पडला असता. हा पेच कादंबरीचा नसून कप्प्यांचा आहे.

मराठी कादंबरीत जमीन आणि नेता पुन्हा समोरासमोर आले ते जमीन मिळण्याच्या नव्हे, तर जाण्याच्या प्रसंगी. विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ (१९९१) धरणाखाली गेलेल्या गावाची कथा सांगते. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ साली केला होता. लाभक्षेत्रातील मोठ्या धारकांकडून जमीन घेऊन ती विस्थापितांना द्यावयाची, हे त्याचे तत्त्व. म्हणजे ही पुन्हा पुनर्वाटपाचीच कल्पना होती. पण या वेळी जमीन ज्यांच्याकडून घ्यावयाची ते लाभक्षेत्रातील बागायतदार नेतृत्ववर्गाच्या निकटचे होते. खैरमोडे गुरुजींसारखे पात्र अर्ज, हेलपाटे, पुढाऱ्यांची आश्वासने आणि कार्यालयीन टोलवाटोलवी यांच्या चक्रात सापडते. कूळकायद्याने ज्या दप्तरातून जमीन दिली, त्याच दप्तराच्या दारात विस्थापित ताटकळतो. नोंदीची दुसरी बाजू येथे प्रथमच पूर्ण कथनरूप घेते. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’मध्ये (२००२) तर शिकलेल्या एकनाथपुढे जमीन ही मालमत्ता म्हणूनही उरत नाही, ती कर्जाचे तारण होते आणि नेता केवळ दूरचा आवाज.

५

आतापर्यंतच्या विवेचनात सुनावणी ही नोंदीहून श्रेयस्कर असल्याचा ग्रह होण्याची शक्यता आहे. तो दूर करावयाचा तर दोन्ही रीतींच्या बाहेर राहिलेल्या माणसाकडे वळावे लागते. कूळकायदा कुळाला जमीन देतो; जो कूळच नव्हता, ज्याने दुसऱ्याच्या शेतात केवळ मजुरी केली, त्याला तो मालक करत नाही. दोन्ही प्रदेशांत हा माणूस बहुतांशी दलित होता.

कन्नड साहित्याने त्याला कायद्याच्या कितीतरी आधी पाहिले. शिवराम कारंत यांच्या ‘चोमन दुडि’ (१९३३) या कादंबरीतील चोमाची इच्छा एवढीच की आपण स्वतःची जमीन कसावी. ती त्याला मिळत नाही. बी. व्ही. कारंत यांचा या कादंबरीवरील चित्रपट १९७५ साली आला, म्हणजे तालुक्यातालुक्यांतून न्यायमंडळांचे काम सुरू असताना. चोमासारख्याने मंडळापुढे कोणता नमुना भरला असता? तो कूळ होऊ शकला नाही हीच तर त्याची शोकांतिका होती. अरसुंच्या भूसुधारणेवरील सर्वांत कठोर भाष्य अशा रीतीने चार दशके जुन्या कथेने केले.

सिद्धलिंगय्या यांच्या ‘ऊरु केरि’ या आत्मकथनाच्या आरंभी जमीनदाराच्या शेतात बैलांच्या जागी जुंपलेल्या माणसांचे दृश्य आहे. त्यांपैकी एक लेखकाचे वडील आहेत. या कुटुंबाचा मार्ग न्यायमंडळाकडे जात नाही, बेंगळूरच्या श्रीरामपुरकडे जातो. सिद्धलिंगय्यांच्या लेखनातील विनोद हा या अनुभवाला दिलेला सर्वांत अनपेक्षित प्रतिसाद आहे. त्यात दयेची याचना नाही. पुढे ते विधान परिषदेचे सदस्य झाले. ज्याच्या घराण्याला जमिनीचा दावा सांगण्याची जागा नव्हती, तोच सभागृहात बोलू लागला. त्यामुळे ‘ऊरु केरि’ हे आत्मकथन नेत्याच्या चरित्राच्या उलट दिशेने वाचता येते. सत्तेपर्यंत पोहोचलेला माणूस येथे सत्तेपासून नव्हे, नांगरापासून आरंभ करतो.

मराठीत याला समांतर असे दोन प्रवाह आहेत. एक, दलित आत्मकथनांचा. दया पवार यांच्या ‘बलुतं’मध्ये (१९७८) महारवतनाचे जे वास्तव येते, त्यात जमीन ही मालकी नसून गावाच्या चाकरीची साखळी आहे. वतने नष्ट करणारा कायदा १९५८ चा. साखळी तुटली, तरी जमीन पुरेशी झाली नाही. दुसरा प्रवाह चळवळीचा. दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४-६५ या वर्षांत भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. कसणाऱ्याला जमीन मिळाल्यानंतरही राबणाऱ्याला ती मिळालेली नाही, हे या सत्याग्रहांनी उघड केले. महाराष्ट्रात सर्वांसमक्ष दावा मांडण्याची रीत नव्हती असे नव्हे. ती दलित नेतृत्वाकडे होती. तिला न्यायमंडळ मिळाले नाही आणि मराठी कादंबरीनेही गायकवाडांना त्यांचा ‘अवस्थे’ दिला नाही. ‘सिंहासन’ला नेता सापडला तो खुर्चीत, तुरुंगात गेलेल्या भूमिहीनांचा नेता मराठी राजकीय कादंबरीच्या कक्षेत आलाच नाही. येथे मराठी-कन्नड तुलनेचा प्रश्न उरत नाही. तो मराठीच्या अंतर्गत दोन सार्वजनिक क्षेत्रांचा प्रश्न होतो.

६

तौलनिक अभ्यासात दोन साहित्यांतील समान आशयसूत्रे शोधून त्यांची यादी करण्याची पद्धत रूढ आहे. ‘राजकीय नेत्याचे चित्रण’ असे सूत्र घेतले तर ‘अवस्थे’ आणि ‘सिंहासन’ एकमेकांशेजारी बसतात आणि तुलना एका कादंबरीतील अंतर्मुखतेची दुसरीतील बहिर्मुखतेशी होते. असे निष्कर्ष चुकीचे नसले तरी अपुरे असतात. अंतर्मुखता कोठून आली आणि बहिर्मुखता कोणत्या वास्तवाने अटळ केली, हे त्यांतून कळत नाही. जमीन एका हातातून दुसऱ्या हातात जाण्याची रीत लक्षात घेतली, की नेता कोणापुढे उभा आहे हे स्पष्ट होते. कृष्णप्पा गौड दावेदारापुढे उभा आहे, जीवाजीराव प्रतिस्पर्ध्यापुढे.

ही भूमिका वापरताना दोन पथ्ये पाळावी लागतील. कायद्याच्या रूपाने कथनाचे रूप ठरते असा सरळ नियम त्यातून काढता येणार नाही, हे ‘बंगारद मनुष्य’ने दाखवले आहे. आणि नेतृत्वाला केवळ सामाजिक हितसंबंधांचा परिणाम मानता येणार नाही. राजाजींच्या १९५२ आणि १९५९ या दोन भूमिका तसे मानण्यास आडव्या येतात. नेता घडवला जातो, तसा तो घडवतोही. टीकेला या दोहोंचे भान हवे.

या विषयाचे महत्त्व ऐतिहासिक कुतूहलापुरते नाही. २०२० साली कर्नाटकाने आपल्या भूसुधारणा अधिनियमात दुरुस्ती करून शेतकरी नसलेल्यांनी शेतजमीन घेण्यावरील निर्बंध काढून टाकले. १९७४ च्या सुनावणीत ज्याचे नाव उच्चारले गेले, त्याच्या वारसाची जमीन आता खरेदीखताने कोणाच्याही नावावर जाऊ शकते. हस्तांतराची ही तिसरी रीत आहे. तीत कुळाचा दावा नाही आणि शासनाने ठरवलेला कृषक दिनही नाही. तीत दोन पक्ष आणि एक किंमत आहे. अशा व्यवहारात प्रादेशिक नेत्याचे स्थान लढवय्याचे किंवा दात्याचे न राहता मध्यस्थाचे होण्याचा संभव आहे. ‘हळ्ळी’ हे प्रत्यय मिरवणारी शहरी नावे त्यामुळे वाढतील.

मराठी आणि कन्नड कादंबरीपुढील काम या तिसऱ्या रीतीला रूप देण्याचे आहे. त्यासाठी मराठीला आपले ग्रामीण आणि राजकीय हे कप्पे मोडावे लागतील, तर कन्नडला आपल्या सत्याग्रही नेत्याच्या प्रतिमेचे तेज थोडे बाजूला ठेवावे लागेल. आणि दोघींनाही एका साक्षीदाराला प्रथम बोलावावे लागेल. त्याचे नाव १ एप्रिल १९५७ च्या नोंदीत नव्हते आणि १ मार्च १९७४ नंतरच्या सुनावणीतही नव्हते. चोमा आणि श्रीरामपुरचा कवी यांनी त्याची साक्ष दिलेली आहे. टीकेने ती पुराव्यात दाखल करून घेणे बाकी आहे.